सहा महिन्यांची टीचर

"मॅडम, सहा महिन्यांपुरतं याल का? ज्युनिअर केजीच्या टीचर बाळंतपणाच्या रजेवर चालल्यात." आमच्या तालुक्याच्या गावातल्या मिशनच्या शाळेतून फोन आला, तेव्हा मी गहू निवडत बसले होते. लग्नाआधी बालवाडीचा कोर्स केला होता, दोन वर्षं शिकवलंही होतं. मग पोरं, घर, सासूबाईंचं आजारपण यात ते प्रमाणपत्र कपाटात गेलं ते गेलंच. मी लगेच हो म्हटलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बरंय की! केजीला काय शिकवायचं असतं? गाणी म्हणायची न् डबे उघडून द्यायचे."

पहिल्या दिवशी वर्गात पस्तीस मुलं, एक मावशी आणि मी. प्रार्थना झाली, मुलं खाली बसली आणि एकानं विचारलं, "आमच्या टीचर मेल्या का?" मला काय बोलावं सुचेना. त्याची आजी नुकतीच गेली होती. न सांगता नाहीसं झालेलं माणूस म्हणजे मेलेलं, एवढंच त्याला ठाऊक. टीचरना बाळ होणार आहे, काही दिवस दुसऱ्या टीचर येतील, हे मुलांना कुणी सांगितलंच नव्हतं. लहान पोरांना काय कळतंय, असं मोठ्यांना वाटलं.

तिसऱ्या दिवशी मागच्या रांगेतली एक मुलगी चुळबुळत होती. मी जवळ जाईपर्यंत तिचा फ्रॉक ओला झाला. बाहेर जायचं तर इंग्रजीतच विचारायचं, हा वर्गाचा नियम. ते वाक्य तिला येत नव्हतं आणि "सू लागली" म्हणायची तिला भीती. चार वर्षांचं लेकरू शरमेनं भिंतीकडे तोंड करून उभं राहिलं.

हे चूक आहे, हे मला त्याच क्षणी कळलं. पण खरं सांगते, मैत्रिणींनो, पंधरा दिवस मी गप्प बसले. मनात एकच, आपण सहा महिन्यांच्या पाहुण्या. हातात साधं पत्र नाही. पगार रजेवर गेलेल्या टीचरच्या निम्म्याहून कमी, तोही तोंडी ठरलेला. उद्या "येऊ नका" म्हणाले तर?

शेवटी धीर करून हेडमिस्ट्रेस सिस्टरांकडे गेले. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "मुलं मराठीत बोलली की पालकच तक्रार घेऊन येतात. पण पाणी, बाथरूम आणि दुखणं यांना भाषेचा नियम नको." दुसऱ्या दिवसापासून नियम बदलला. इतकं सोपं होतं! मग ते पंधरा दिवस कुणाच्या खाती मांडायचे? माझ्या भित्रेपणाच्या खाती मांडायलाच हवेत. पण जिच्या स्वतःच्या पायाखाली जमीन नाही, ती दुसऱ्याच्या लेकरासाठी ठामपणे कशी उभी राहणार, हेही विचारायला हवं.

आपल्याकडे हा वर्ग कधी "काहीच नाही" असा नव्हता. फ्रेडरिक फ्रोबेलनं जर्मनीत १८३७ साली बालोद्यान सुरू केलं आणि त्यासाठी बायकांना मुद्दाम शिकवून तयार केलं. आपल्या पंडिता रमाबाईंनी अमेरिकेत जाऊन या पद्धतीचा अभ्यास केला आणि १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडला नेलं. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली, त्यांच्या बोलीत, त्यांच्याच दगडमातीच्या खेळण्यांनी. या बायकांच्या लेखी हे काम म्हणजे शिकून करायची विद्या होती.

आणि आज? २००२ च्या घटनादुरुस्तीनं सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. सहाच्या आतल्यांसाठी मात्र सरकारनं "प्रयत्न करावा" एवढंच म्हटलं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही तीन वर्षांपुढच्या मुलांची सोय सरकार "करू शकेल" असंच आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ हे वय पायाभूत टप्पा मानलं आणि शक्य तिथे घरच्या भाषेतून शिकवा, असंही सांगितलं. पाया म्हटलं खरं, पण तो घालणाऱ्या बाईचं काय, याचं उत्तर आमच्या वर्गापर्यंत पोचलेलं नाही.

२०२५ साली पहिलीपासून हिंदी हवी की नको, यावरून राज्यभर रान उठलं. २९ जूनला सरकारनं दोन्ही शासननिर्णय मागे घेतले. चर्चा व्हायलाच हवी होती. पण पहिलीतल्या तिसऱ्या भाषेवर भांडणाऱ्या आपण, केजीतल्या लेकराची पहिलीच भाषा दारात चपलांसारखी काढून ठेवायला लावतो, त्याबद्दल किती बोललो?

आता बाळंतपणाच्या रजेचं. २०१७ च्या दुरुस्तीनं पहिल्या दोन बाळंतपणांसाठी ही रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांची झाली. फार चांगलं झालं. मी दोन्ही वेळा काय ओढाताण सोसली, ते मला माहीत आहे. पण एका बाईला मिळालेला हक्क दुसऱ्या बाईच्या बिनकागदाच्या, निम्म्या पगाराच्या नोकरीवर उभा राहावा का? तात्पुरत्या कर्मचाऱ्यांना समान कामासाठी समान वेतन, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१६ साली सांगितलं, पण ते प्रकरण सरकारी नोकरीतलं होतं. २०२२ च्या एप्रिलमध्ये अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांचा ग्रॅच्युइटीचा हक्क न्यायालयानं मान्य केला. "मानधनावरच्या बायका" म्हणून ज्यांना बाजूला ठेवलं होतं, त्यांनी लढून हे मिळवलं. आम्ही बदली टीचर मात्र एकेकट्या येतो आणि एकेकट्या जातो. हे एका मिशनच्या शाळेपुरतं नाही. आमच्या गावातल्या इतर शाळांतल्या मैत्रिणींनाही असंच तोंडी सांगितलेलं असतं.

म्हणून माझं एवढंच सांगणं. असं बोलावणं आलं तर जरूर जा, पण आधी कागद मागा. किती दिवस, किती पगार, सुट्टीचे पैसे कापणार का, शेवटी अनुभवाचा दाखला देणार का, हे लिहून घ्या. मागायला संकोच वाटतो, मलाही वाटला. आणि ज्यांची मुलं केजीत आहेत त्यांनी प्रवेश घेताना "किती पोएम्स येतील?" याऐवजी विचारावं, "शिकवणार कोण? त्या शिकलेल्या आहेत ना? त्या रजेवर गेल्या तर कोण येणार?" सिस्टर म्हणाल्या तसं, पालक तक्रार करतात म्हणून नियम होतात. मग योग्य गोष्टीसाठीही तक्रार करू या की!

माझे सहा महिने संपत आले, तेव्हा सिस्टरांकडे मी दोन गोष्टी मागितल्या. एक, शाळेच्या लेटरहेडवर अनुभवाचा दाखला. दुसरी, जुन्या टीचर आणि मी असा दोघींचा एक आठवडा एकत्र. दाखला मिळाला. आठवड्याचे तीनच दिवस मिळाले. त्या तीन दिवसांत टीचरनी बाळाचा फोटो आणला, मुलांनी तो हातोहात फिरवला. "टीचर मेल्या का" विचारणाऱ्यानं तो सगळ्यांत जास्त वेळ धरून ठेवला.

निघताना ती मागच्या रांगेतली मुलगी धावत आली आणि मोठ्यानं म्हणाली, "टीचर, सू लागली!" मावशी हसायला लागल्या. मी तिचा हात धरला आणि तिला घेऊन गेले.