शिरूर-दौंडची ३५० मते

राष्ट्रपतिपदाची निवडणूक आली की शिरूरच्या एस. टी. स्थानकापासून दौंड जंक्शनपर्यंत एकच चर्चा : कोणाला उभे करणार आणि जोडीला उपराष्ट्रपती कोण? अमेरिकेत ही जोडी एकत्रच निवडून येते. आपल्याकडे राष्ट्रपतीला खासदार-आमदार निवडतात, उपराष्ट्रपतीला फक्त खासदार. जोडी जमवतात ते पक्ष, तीही जातीचा हिशेब मांडून. २०१७ साली तर कोविंद विरुद्ध मीरा कुमार. आपलाच माणूस आपल्याच माणसासमोर!

राहिली पक्षनिष्ठा. या निवडणुकीत व्हिप चालत नाही, मतदान गुप्त असते. २००७ साली शिवसेनेने भाजपचा पाठिंबा असलेल्या शेखावतांना सोडून मराठी म्हणून प्रतिभाताई पाटलांना मते दिली, तरी युती टिकली. त्याच सेनेने १९९७ साली के. आर. नारायणन यांच्याविरुद्ध शेषन यांना पाठिंबा दिला होता, हे आम्ही विसरलेलो नाही.

नारायणन मोठे ठरले ते केवळ जातीमुळे नव्हे. उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची मंत्रिमंडळाची शिफारस त्यांनी १९९७ सालीच परत पाठवली. घटनेने दिलेला अधिकार त्यांनी वापरला, एवढेच.

महाराष्ट्रातील आमदाराच्या एका मताचे मूल्य १७५. तेही १९७१ च्या लोकसंख्येवर. शिरूर व दौंड मिळून ३५०. ही मते आमदारांच्या घरची नव्हेत. मत कोणाला दिले, हे सांगायला त्यांना कोणी भाग पाडू शकत नाही. पण मतदानाआधी गाठून विचारता येते : आमदारसाहेब, तुमचा उमेदवार एखादा कागद परत पाठवील काय?