ऊस, उसाला आणि पाळी

गेल्या महिन्यात कोल्हापूरकडच्या कोडोलीत एका घराच्या सोप्यात आम्ही सातजण मुलाखतींचे गठ्ठे घेऊन दोन दिवस बसलो. तिघं पीएच.डी.चे विद्यार्थी, दोघं संस्थांचे कार्यकर्ते, एक आरोग्यसेविका आणि मी. ‘गुणात्मक संशोधनाचं सॉफ्टवेअर शिकायचंय’ एवढंच बोलावणं होतं.

पहिल्या तासालाच अडलो. एका विद्यार्थिनीनं उसाच्या रानात राबणाऱ्या बायांच्या मुलाखती आणल्या होत्या. तिनं शोधाच्या चौकटीत ‘ऊस’ टाइप केलं आणि हाती जेमतेम चार-दोन वाक्यं लागली. ‘उसाला’, ‘उसात’, ‘उसाचं बिल’ हे सगळं बाहेर राहिलं. प्रत्यय लागताना ‘ऊ’चा ‘उ’ होतो आणि यंत्राला सामान्यरूप ठाऊक नसतं. ‘पाणी’ शोधावं तर ‘पाण्याला’ निसटतं. दुसऱ्याच्या फाइलींत ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द दोन तऱ्हांनी पडला होता, कुठे नुक्त्याचा ‘ऱ’ वापरून, तर कुठे साध्या ‘र’ला न दिसणारं जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण शोधणाऱ्या यंत्राला ते निराळे शब्द वाटू शकतात. तिसऱ्याचा मजकूर युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमधला होता. तो सॉफ्टवेअरमध्ये घेतला आणि पडद्यावर नुसती रोमन अक्षरांची रास उमटली. इंग्रजी मजकूर समोर ठेवून लिहिलेल्या हस्तपुस्तिकांत या अडचणी सापडत नाहीत. आपल्याकडच्या शिकवणीला मात्र इथूनच सुरुवात करावी लागेल. मजकूर युनिकोडमध्ये आणावा, एकाच तऱ्हेनं टाइप करावा आणि शोधताना शब्दाची सगळी रूपं टाकावीत.

मात्र टाइप करताना बाईचं बोलणं ‘दुरुस्त’ करू नये. कोल्हापूरकडची बाई ‘मी गेलो’, ‘मी आलो’ म्हणते. एका फाइलीत टाइप करणाऱ्यानं चूक समजून सगळीकडे ‘गेले’, ‘आले’ करून टाकलं होतं. मूळ ध्वनिमुद्रण जपलेलं होतं म्हणून निभावलं.

दुसऱ्या दिवशी ‘पाळी’ आली. त्याच विद्यार्थिनीनं हा शब्द शोधून, सापडलेली सगळी वाक्यं एकदम निवडून त्यांना ‘मासिक पाळीतील अडचणी’ असा कोड, म्हणजे विषयाची खूण, लावला होता. आरोग्यसेविका एक उतारा मोठ्यानं वाचत होती. मध्येच थांबली नि म्हणाली, ‘अगं, ही पाण्याची पाळी हाय.’ रात्रीची वीज, मोटर चालू करायला अंधारात रानात जाणं, सापाचं भय यांबद्दल ती बाई सांगत होती. पुढच्या पानावर तोच शब्द दुसऱ्या अर्थानं आला होता. आणि एका ठिकाणी तिच्या दोन्ही पाळ्या एकाच रात्री आल्या होत्या. त्या अख्ख्या संशोधनाचा गाभा त्या एका वाक्यात होता, आणि एकगठ्ठा लावलेल्या कोडखाली तो झाकला गेला होता. विद्यार्थिनीनं तो कोड सगळीकडून काढला आणि पहिल्या मुलाखतीपासून पुन्हा वाचायला घेतलं. नव्या कोडचं नाव तिनं बाईच्याच बोलण्यातून घेतलं, ‘दोन्ही पाळ्या’.

अशा कोडिंगच्या कामासाठीच १९८१ मध्ये मेलबर्नच्या ला ट्रोब विद्यापीठात लिन आणि टॉम रिचर्ड्स या दांपत्यानं नडिस्ट नावाची प्रणाली बांधायला घेतली. पुढे त्यातूनच एनव्हिवो आलं. अ‍ॅटलस.टीआय, मॅक्सक्यूडीए हीसुद्धा याच कामाची सॉफ्टवेअर. खूण करायची, खुणेखालचे उतारे एकत्र बघायचे, टिपणं जोडायची, हे काम ती उत्तम करतात. वाचायचं काम आपलं आपणच करायचं. शिकणाऱ्यानं महागड्या परवान्यासाठी अडून बसू नये. टॅगेट आणि क्वालकोडर मोफत आहेत. अशा सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्यांतलं कृत्रिम बुद्धिमत्तेचं आपोआप कोडिंग मात्र बायांच्या मुलाखतींवर सरसकट वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मजकूर बाहेरच्या सर्व्हरवर जाणार असेल, तर त्याची संमती मुलाखत देणाऱ्या बाईनं दिली होती का?

यंत्राआधी माणसांचं ऐकावं लागतं, याचा दाखला कोडोलीच्या शेजारीच, वारणानगरला आहे. १९९८ मध्ये वारणा खोऱ्यातली सुमारे ७० गावं संगणकांनी जोडायचा प्रकल्प इथे सुरू झाला. काही वर्षांनी बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चचे अभ्यासक इथल्या गावांत येऊन लोकांशी बोलले. गावातला संगणक मुख्यतः गाव आणि साखर कारखाना यांच्यात उसाची माहिती पोचवण्यापुरताच वापरला जातोय, असं त्यांना दिसलं. मग सात गावांत आठ महिने तेच काम त्यांनी मोबाइलच्या एसएमएसवर करून पाहिलं. ते स्वस्त पडलं, सोयीचं झालं आणि शेतकऱ्यांना अधिक पसंत पडलं. संगणकाचा खरा उपयोग काय होतोय, हे माणसांना विचारल्यावरच कळलं.

माणसांचे शब्द जमवून विषयवार लावण्याच्या कामाचा मराठीतला एक मोठा नमुना जात्यावरच्या ओव्यांचा आहे. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह हजारावर गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि विषयवार लावल्या. बर्नार्ड बेल यांनी त्यांची संगणकीय सूची बांधली. बायकांच्या गाण्यासाठी केलेली ही वर्गवारी पद्धतिशास्त्राच्या प्रत्येक अभ्यासक्रमात शिकवली पाहिजे.

प्रबंधात ‘अमुक सॉफ्टवेअरच्या साहाय्याने विश्लेषण केले’ हे वाक्य हल्ली हटकून असतं. मार्गदर्शकांना माझी विनंती आहे की, त्या वाक्यावर समाधान मानू नका. कोडांची वही मागा. कुठला कोड कधी मोडला, कुठले दोन एकत्र केले नि का, याची टिपणं मागा.

आणि वाचकांकडे एक मागणं आहे. आपापल्या मुलाखतींतून शब्दांच्या रूपांच्या याद्या कोणी केल्या असतील, दोन अर्थांनी येणारे ‘पाळी’सारखे शब्द कोणी टिपले असतील, तर ते आमच्याकडे पाठवावेत. कोल्हापुरी, वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी अशा बोलींनुसार ते लावून आम्ही दर अंकात छापू. पहिली यादी कोडोलीची आहे, याच अंकात, शेवटच्या पानावर.