रंधा धबधबा कोणाचा?

मृगाचा पाऊस कोसळू लागला की मुंबई, पुणे आणि नाशिक येथील गाड्यांची रांग अकोले तालुक्यातील भंडारदऱ्याकडे लागते. रंधा धबधबा, कळसूबाईची चढण, रतनगडाची पायवाट पाहून मंडळी प्रसन्न चित्ताने परततात. शहरात राबणाऱ्या माणसाला चार घटका रानात मिळाव्यात, याबद्दल कोणाची तक्रार असू नये. विश्रांती हा श्रमिकाचा हक्कच आहे. प्रश्न आहे तो त्या रानात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या महादेव कोळी आणि ठाकर समाजांचा. या साऱ्या व्यवहारात त्यांचे स्थान कोणते?

एक जुना अनुभव येथे विसरता येत नाही. प्रवरेवर विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झाले. त्याचे पाणी खालच्या सपाटीला गेले, तेथे ऊस बहरला, साखर कारखानदारी उभी राहिली. रंधा धबधबा धरणाच्या खाली असल्याने तो भरभरून कोसळणेही धरणाच्या विसर्गावरच अवलंबून राहिले. पाणलोटातील माणसाच्या वाट्याला मात्र भाताचे एक पीक आले आणि ते निघाले की नारायणगावच्या बाजूला बागायतदाराच्या शेतावर मजुरी. संपत्ती डोंगरावर पडली. साचली ती खाली.

पर्यटनातही हेच घडावे काय? गावातील तरुण आज वाटाड्याचे काम करतात, काही घरे जेवण देतात, तंबू लावतात. हे चांगलेच आहे. पण ही श्रमाची मजुरी झाली. निसर्गदत्त सौंदर्यातून जी अधिकची प्राप्ती होते, तिला अर्थशास्त्रात खंड म्हणतात. तो खंड ज्याच्याकडे भांडवल आणि रस्त्यालगतची जमीन आहे, त्याच्या पदरात पडतो. भांडी घासणाऱ्या बाईला रोज मिळतो, निर्णयात वाटा मिळत नाही.

हा भाग १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. अभयारण्य आहे म्हणून ग्रामस्थांचा अधिकार संपला, असा समज पसरलेला दिसतो. तो चुकीचा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनसंपत्तीच्या व्याख्येत अभयारण्ये आणि राष्ट्रीय उद्याने स्पष्टपणे समाविष्ट केली आहेत आणि तिचे संरक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेला दिला आहे. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाने २००९ साली असा हक्क मिळवून दाखविला.

ग्रामसभेच्या हाती रान दिले तर ती पैशासाठी ते ओरबाडील, असा आक्षेप घेतला जातो. गावातही सबळ आणि दुर्बळ आहेत, हे खरेच. म्हणूनच हिशेब चावडीवर वाचला गेला पाहिजे आणि सभेत स्त्रियांचा आवाज उमटला पाहिजे. परंतु काजव्यांच्या हंगामात गाड्यांचे दिवे आणि विजेऱ्या त्या किड्यांच्या मीलनाचे संकेतच पुसून टाकतात. ती गर्दी आवरण्यात खरे हित कोणाचे? एका रात्रीसाठी आलेल्याचे, की हिरडा-बेहड्याच्या त्याच झाडांखाली पुढच्या वर्षीही राहणाऱ्याचे?

अकोल्यातील कार्यकर्त्यांनी येत्या पावसाळ्यापूर्वी गावोगावी ग्रामसभा भरवून सामूहिक दाव्यांची स्थिती तपासावी, अपुरे दावे पूर्ण करावेत. पाहुण्याचे स्वागत अवश्य व्हावे. मात्र ते घरमालकाने करावे, घरगड्याने नव्हे.