बंदुकीवर दुर्बीण लावून मेडल मिळत नाही. खरेदीआधी नियम बघा

बोईसर : १ ऑगस्ट २०२४ रोजी पालघर जिल्ह्याला बरोबर १० वर्षं झाली. त्याच दुपारी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवलं. खेड्यातला पोरगा तिथवर जातो हे दिसल्यावर आपल्याकडच्या पोरांनाही शूटिंग करावंसं वाटणं साहजिक आहे.

गडबड होते ती खरेदीत. पाम-बोईसर पट्ट्यात एमआयडीसीत पाळी करणारा बाप मोबाईलवर एअरगन शोधतो, तर समोर येते दुर्बीण बसवलेली, ‘३-९ बाय ४०’ असं लिहिलेली. म्हणजे ३ ते ९ पट मोठं दाखवणारी, ४० मिलिमीटर काचेची. दिसायला भारीच. पण ऑलिम्पिक पद्धतीच्या रायफल स्पर्धांत बंदुकीवर दुर्बीण चालतच नाही! ५० मीटरला गोळी कुठे लागली ते बघायला वेगळी दुर्बीण स्टँडवर ठेवता येते, बंदुकीवर नाही. नंबरचा चष्मा मात्र चालतो.

मग नेम धरतात कसा? मागे बारीक भोकाची चकती, म्हणजे डायॉप्टर, आणि पुढे एक गोल कडी. भोकात कडी आणि कडीत काळा गोल, सगळं एका मध्यावर आलं की घोडा दाबायचा. १० मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटर असतो. तो डोळ्याला दिसतच नाही आणि दिसायची गरजही नाही. मोठं करून बघितलं तर उलट हाताची थरथरच मोठी दिसते, पोरगं बिचकतं.

दुर्बिणीच्या स्पर्धाही असतात, बेंचरेस्ट नावाच्या. त्यासाठीच घ्यायची असेल तर १० मीटरवर चित्र स्पष्ट होतं का ते आधी बघा. शिकारीसाठी बनवलेल्या बऱ्याच दुर्बिणी ९०-१०० मीटरला जुळवलेल्या असतात, जवळचं धूसर दिसतं. स्प्रिंगच्या एअरगनचा झटका पुढे-मागे दोन्हीकडे बसतो, साधी दुर्बीण त्यात लवकर खिळखिळी होते. आणि जव्हार-मोखाड्याच्या रानात पाखरं टिपायला कुणी हे घेत असेल तर तो खेळ नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे.

२०२२ मध्ये कैरोत १० मीटर एअर रायफलचा विश्वविजेता झालेला रुद्रांक्ष पाटील शेजारच्या ठाण्याचा. त्याचे वडील बाळासाहेब पाटील आपल्याच जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक होते. तोही डायॉप्टरवरच खेळतो.

म्हणून पैसे घालण्याआधी पोराला महिनाभर क्लबच्या रायफलवर उभं करा. अडचण एवढीच, की वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनला जायचं तर डहाणू लोकलने दिवस मोडतो. १० मीटर रेंजला काही मैदान लागत नाही. बंदिस्त लांब हॉल, मागे छर्रे अडवणारी भक्कम सोय आणि जाणकार प्रशिक्षक लागतो. असे हॉल आपल्या शाळांत आहेत, जिल्हा क्रीडा कार्यालयाकडे ही मागणी ग्रामपंचायतींनी लेखी करायला हवी.