दोष वयाचा की हेळसांडीचा?

घरात एखादी वस्तू जुनी झाली की तिच्याविषयी दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, ‘काढून टाका.’ दुसरा म्हणतो, ‘राहू द्या, आजोबांची आठवण आहे.’ गंमत अशी की, ‘ठेवायची असेल तर तिची नीट निगा राखा’ असे म्हणणारा तिसरा पक्ष सहसा कोणत्याच घरात नसतो. आमच्या घरात सध्या हा वाद १९८६ सालच्या अॅम्बॅसिडर गाडीवरून चालू आहे. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर खाजगी गाडीची दर पाच वर्षांनी फेरनोंदणी करावी लागते. त्या हिशोबाने आमच्या गाडीची पाळी २०२६ मध्ये पुन्हा येते. काकांचे म्हणणे, भंगारात द्या. वडिलांचे म्हणणे, मी जिवंत असेपर्यंत नाही. मी कला शाखेचा विद्यार्थी. यंत्राशी माझा संबंध परीक्षेपुरताही आलेला नाही. तरीही या वादात मी आता तिसऱ्या पक्षात दाखल झालो आहे, आणि त्याला कारण घडले म्हणूनच हा लेखनप्रपंच.

मे २०२५ मधली गोष्ट. आतेबहिणीच्या लग्नासाठी आम्ही कऱ्हाडहून चिपळूणला निघालो होतो. लग्नाला जायचे म्हणून गाडीला पांढराशुभ्र रंग काढला होता, नवी सीटकव्हरे शिवून घेतली होती, दोन आवाजांचा हॉर्न बसवला होता. सीटकव्हरांचा रंग मीच निवडला होता. कुंभार्ली घाट उतरू लागलो. दुपारची वेळ, गाडीत सहा माणसे, डिकीत आहेराची भांडी. चौथ्या की पाचव्या वळणावर वडील एकाएकी गप्प झाले. आजी मागून काहीतरी विचारीत होती, तिला त्यांनी उत्तर दिले नाही. ब्रेकचे पेडल लोण्यात पाय जावा तसे खाली जात होते. त्यांनी दोन-तीनदा भरभर पेडल मारले, गाडी दुसऱ्या आणि मग पहिल्या गिअरमध्ये घेतली, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि डोंगराच्या बाजूच्या चरात पुढचे चाक घातले. बंपर वाकला. माणसे वाचली. दुसऱ्या बाजूला काय होते ते मी उतरल्यावर पाहिले आणि लगेच नजर फिरवली.

‘म्हाताऱ्या गाडीवर विश्वास ठेवला की असेच व्हायचे,’ हे काकांचे वाक्य त्याच रात्री मंडपात ऐकावे लागले. सर्वांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. पण गाडी परत आणल्यावर आमच्या नेहमीच्या मिस्त्रींनी चाके उतरवली, आणि ते वडिलांना म्हणाले, ‘दोन महिन्यांमागं सांगितलं हुतं, मास्टर सिलिंडरचं किट गेलंय, तेल बदला. तुम्ही म्हणालासा, लगीन होऊ द्या. गाडी म्हातारी हाय म्हणून न्हाई फसली. आजारी माणसाला औषध द्यायचं सोडून नवी साडी नेसवली तुम्ही.’

वडील काही बोलले नाहीत. मलाही बोलण्यासारखे काही नव्हते. साडीचा रंग माझा होता.

त्यानंतर सुट्टीचे तीन आठवडे मी मिस्त्रींच्या शेडमध्ये जाऊन बसलो. तेथे जे समजले ते सांगतो. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषून घेते. वर्षानुवर्षे ते बदलले नाही तर त्यात पाण्याचा अंश वाढतो आणि ते लवकर उकळू लागते. घाटात सतत ब्रेक दाबल्याने ड्रम तापतात, ती उष्णता तेलापर्यंत जाते आणि तेलातल्या पाण्याची वाफ होते. तेल दाबले जात नाही, म्हणूनच पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतो. वाफ मात्र दाबली जाते, आणि पायाचा सगळा जोर त्या वाफेतच जिरतो. त्यात सिलिंडरातले रबरी वॉशर कडक झालेले असले तर तेल गळते ते वेगळेच. यावर उपाय काय? दोनेक वर्षांनी तेल बदलणे, वॉशरचे किट वेळेवर घालणे आणि घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवून ब्रेकला विसावा देणे. यातला शेवटचा उपाय तर फुकट आहे. या तिन्हींत गाडीच्या वयाचा प्रश्न कुठे आला? तीन वर्षांच्या गाडीचे तेलही ओलावा शोषते.

अॅम्बॅसिडरची कुळकथा थोडक्यात सांगायला हवी. इंग्लंडातील मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून ही गाडी बंगालमधील उत्तरपाडा येथे १९५७-५८ च्या सुमारास तयार होऊ लागली आणि मे २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. एवढ्या दीर्घ काळात तिचे बाह्यरूप फारसे बदलले नाही. मंत्र्यांपासून टॅक्सीवाल्यांपर्यंत सर्वांनी ती वापरली. पुढे दोघे-तिघे आणि मागे चौघे कोंबून ती लग्नाला गेली, दवाखान्यात गेली, पंढरपूरला गेली. तिचे १४८९ घनसेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन कोणत्याही तालुक्याच्या गावी झाडाखाली उघडता येत असे. हाच तिचा गुण आणि, माझ्या मते, हाच तिचा शाप. कोठेही दुरुस्त होते म्हटल्यावर, बिघडल्याशिवाय तिच्याकडे पाहायचेच नाही अशी सवय आपल्याला लागली.

तिचे नेहमीचे आजार पाहा. पहिला आजार तापण्याचा. घाट चढताना बॉनेटमधून वाफा निघतात आणि आपण म्हणतो, ‘इंजिन थकले.’ वास्तविक इंजिन थकलेले नसते; रेडिएटरच्या बारीक नळ्यांत विहिरीच्या जड पाण्याचा क्षार साचलेला असतो, किंवा फॅनबेल्ट सैल झालेला असतो. बेल्ट ताणायला दहा मिनिटे लागतात. ती दहा मिनिटे दिली नाहीत की गाडी पुन्हा पुन्हा तापते, हेडचे गॅस्केट जाते, पाणी इंजिनच्या तेलात उतरते आणि तेल दुधाळ होते. मग हेड उतरवा, घासून घ्या, हजारोंचा खर्च. त्यानंतर आपण चारचौघांत सांगतो की जुनी गाडी म्हणजे पांढरा हत्ती. त्या हत्तीला आपण पाणीही धड पाजलेले नसते.

दुसरा आजार चालू न होण्याचा आणि आचके देण्याचा. या इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटमधले अंतर साधारण पंधरा हजारांश इंच लागते. टॅपेटची फटही तेवढीच. प्लगची फट पंचवीस हजारांश. पातळ पत्र्यांचा फिलर गेज मिळतो, त्याने ती कोणालाही मोजता येते. मी मोजली. पहिल्या दिवशी तीनदा चुकली, चौथ्यांदा जमली, आणि गाडी एका हाकेला चालू झाली. परीक्षेत प्रथम वर्ग मिळाल्यावर झाला नव्हता एवढा आनंद मला त्या वेळी झाला, हे आमच्या प्राध्यापकांची क्षमा मागून नमूद करतो.

तिसरा आजार स्टिअरिंगखालच्या हातगिअरचा. दांड्यांचे सांधे झिजले की गिअर मध्येच अडकतो, मग चालकाने खाली उतरायचे, बॉनेट उघडायचे आणि हाताने ते लिव्हर सोडवायचे. भर चौकात हे दृश्य पाहून लोक हसतात. त्या सांध्यांतले दोन-चार झिजलेले बुश बदलले आणि वंगण दिले की हसणे थांबते. चौथे म्हणजे पुढच्या चाकांच्या सांध्यांना ग्रीस. ग्रीसगन लावून ताजे ग्रीस भरले की जुने काळे ग्रीस कडेने बाहेर येते. हे वेळच्या वेळी झाले नाही तर स्टिअरिंग जड होते, सांधे झिजतात, टायर एका बाजूने खाल्ले जातात, आणि आपण रस्त्यांच्या नावाने बोटे मोडतो.

अलीकडे एक नवी काळजी यात मिळाली आहे. देशभर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. १९८६ मधल्या गाडीचे रबरी नळ, पेट्रोलपंपातला पडदा, कार्ब्युरेटरचे वॉशर हे अशा इंधनासाठी बनवलेले नव्हते. ते फुगतात, चिरतात. इथेनॉल पाणीही ओढून घेते, म्हणून महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत गंज धरतो. यावर सरकारला दोन शब्द सुनावता येतील. पण आपल्या हाती असलेली गोष्ट एवढीच की, त्या इंधनाला टिकणारे नळ घालून घ्यावेत, ते अधूनमधून तपासावेत आणि गाडी फिरती ठेवावी. तापलेल्या इंजिनाशेजारी ठिबकणारे पेट्रोल म्हणजे काय, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

येथे कोणी म्हणेल की, हे सर्व ऐकून लेखक जुन्या गाड्यांचा भाट दिसतो. तसे नाही. दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. या गाडीत अपघाताच्या वेळी फुगणारी हवेची पिशवी नाही, मागे पट्टे नाहीत, धूर गाळणारी आधुनिक सोय नाही. रोज शहरात चाळीस किलोमीटर फिरण्यासाठी अशी गाडी ठेवणे शहाणपणाचे नाही, आणि ज्यांच्या फुप्फुसांत तो धूर जातो त्यांच्यावर अन्यायाचेही आहे. शिवाय एक आजार असा आहे की तेथे प्रेमाने डोळे झाकू नयेत. तो म्हणजे गंज. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. तळाचा पत्रा, दाराखालचे उंबरे आणि वरचे शरीर मिळून एकच सांगाडा होतो. तळ कुजला म्हणजे नुसता पत्रा कुजला असे नव्हे, कणाच कुजला. गालिचा उचलून, स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहावे. टोक आरपार गेले आणि जोडायला निरोगी पत्राच उरला नसेल, तर वरून कितीही शुभ्र रंग काढा, त्या गाडीला निरोप द्यावा. भंगाराच्या धोरणाला माझा विरोध नाही.

माझा विरोध आहे तो केवळ पंचांग पाहून निकाल देण्याला. एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांपुढील सरकारी गाड्यांची नोंदणी बंद झाली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यावरून काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींनी वीस वर्षांची मुदत संपल्यामुळे निरोप घेतला. हजारो गाड्या एकेक करून तपासणे अवघड, म्हणून सरकारला वर्षांची रेघ ओढावी लागत असेल. पण घरात एकच गाडी असताना आपणही तीच रेघ ओढायची का? आपल्याला ती उघडून पाहता येते. पाहण्याचा कंटाळा येतो म्हणून आपण वयावर बोट ठेवतो, आणि ज्याला आठवणींचा लळा आहे तो तिला न उघडताच छातीशी धरतो. ‘काढा’ म्हणणारे काका आणि ‘ठेवा’ म्हणणारे वडील, दोघांनीही त्या दोन महिन्यांत बॉनेट उघडले नव्हते. मीही नाही.

मित्रहो, आपण कला शाखेचे विद्यार्थी. हाताला काळे लागणे हे आपल्याला नापासांचे काम वाटते. मिस्त्रींच्या शेडमध्ये आज शिकायला एकही पोरगा नाही. ‘संगणक लावून दोष सांगणाऱ्या गाड्यांकडं जात्यात सगळी,’ असे ते म्हणतात, आणि त्यात तक्रारीचा सूर नसतो. त्यांचे वय पासष्ट आहे. इंजिनाच्या आवाजावरून कोणत्या टॅपेटची फट वाढली हे सांगणारा हा माणूस काही लिहून ठेवत नाही. ते ज्ञान लिहून ठेवणे हे तरी आपले काम आहे की नाही? निबंध, कविता, संशोधन यांच्यासाठी आपण वह्या भरतो. देखभालीची वही किती घरांत सापडेल? कोणत्या तारखेला तेल बदलले, किती किलोमीटरला ग्रीस दिले, मिस्त्रींनी पुढचे काय सांगितले, एवढ्या तीन रकान्यांची वही आमच्या घरात असती, तर ‘लगीन होऊ द्या’ हे वाक्य वडिलांनी लिहायच्या आधी दोनदा विचार केला असता.

आता ती वही केली आहे. पहिल्या पानावर कुंभार्लीची तारीख आहे, खाली मास्टर सिलिंडर, चारही चाकांचे किट आणि नव्या तेलाचा खर्च. सीटकव्हरे आणि हॉर्न यांवर जे गेले त्याच्या निम्म्याहून तो कमी भरला, हे मी मुद्दाम लाल शाईने लिहिले. वाकलेला बंपर वडिलांनी सरळ करून घेतलेला नाही, आणि आम्हीही आग्रह धरलेला नाही.

फेरनोंदणीपूर्वी गालिचा उचलून, मिस्त्रींसमोर, काका आणि वडील दोघांनाही शेजारी उभे करून तळ टोचून पाहायचा, असे ठरले आहे. पत्रा धड निघाला तर गाडी राहील. कुजका निघाला तर जाईल. दोन्ही पक्षांनी हे मान्य केले आहे. आमच्या घरात एवढे एकमत पुष्कळ दिवसांनी झाले.