भत्ता म्हणजे वसतिगृह नव्हे

विद्वान मंत्रिपदावर बसला की त्याची विद्या पुस्तकांच्या कपाटात राहते आणि मंत्री तेवढा उरतो, असा आपल्याकडचा सार्वत्रिक अनुभव आहे. याला अपवाद घडतात. सेनेगलचे इबा देर थियाम हे इतिहासकार 1983 ते 1988 या काळात शिक्षणमंत्री होते. तरीही आपल्या देशाचा बृहद् इतिहास सिद्ध करण्याचे काम त्यांनी 2020 साली मृत्यू येईपर्यंत अंगावर घेतले होते. परंतु एवढ्या दूर जाण्याची गरज नाही. वऱ्हाडातच डॉ. पंजाबराव देशमुख होऊन गेले.

पंजाबरावांना आपण कृषिमंत्री म्हणून ओळखतो, शिक्षणमहर्षी म्हणून त्यांच्या तसबिरीला हार घालतो. 1898 साली पापळ येथे शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या या माणसाने ऑक्सफर्डची डॉक्टरेट मिळविली ती वैदिक वाङ्मयातील धर्माच्या उगमावर व विकासावर, हे सहसा कोणी सांगत नाही. तो प्रबंध 1933 साली ऑक्सफर्डनेच ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. धर्म हा काळाच्या ओघात घडत आला, हे ज्याने अभ्यासाने जाणले त्याला देवळाचे बंद दार सनातन वाटणे शक्य नव्हते. अमरावतीच्या अंबादेवी मंदिर प्रवेशाच्या लढ्यात ते अस्पृश्यांच्या बाजूने उभे राहिले आणि जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष होताच त्यांनी सार्वजनिक विहिरी सर्वांना खुल्या केल्या. 1930 साली ते मध्यप्रांत-वऱ्हाडचे मंत्री झाले. त्यानंतर 1932 साली त्यांनी देवस्थानांच्या संपत्तीविषयीचे विधेयक मांडले. देवळांत साचलेला पैसा लोकांच्या शिक्षणासारख्या कामी यावा, हा त्यामागचा रोखठोक विचार होता. त्याला कडवा विरोध झाला, यात नवल ते काय!

त्यांच्या शिक्षणकार्याचा आरंभ मात्र अधिक बोलका आहे. श्री शिवाजी शिक्षण संस्थेची स्थापना 1932 सालची; श्रद्धानंद छात्रालय त्याआधीचे. कुणब्याच्या किंवा महाराच्या मुलाला शहरात शाळा मिळेल, पण रात्री पाठ टेकायला जागा आणि दोन वेळचे अन्न मिळाले नाही तर तो आठवडाभरात गावी परतेल, हे त्यांनी नेमके हेरले होते.

उमरखेड तालुक्यातील ढाणकीच्या विद्यार्थ्यापुढे आजही हाच प्रश्न आहे. उच्च शिक्षणासाठी पुसद, यवतमाळ, नांदेड किंवा अमरावती गाठावयाची म्हटली की शुल्काआधी खोलीचे भाडे आणि खानावळीचा हिशेब मांडावा लागतो. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी हिशेब तेथेच थांबतो; मुलीच्या बाबतीत तर तो मांडलाही जात नाही. सरकारची वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे आणि तिला पंजाबरावांचेच नाव आहे. नाव उचित, परंतु भत्ता म्हणजे वसतिगृह नव्हे. खात्यावर जमा झालेल्या रकमेने अभ्यासाची शिस्त लागत नाही, निरनिराळ्या जातींची मुले एका पंगतीला बसत नाहीत, आणि रक्कम सत्र सरल्यावर हाती आली तर तोवरचे भाडे सावकाराच्या वहीत चढलेले असते.

पंजाबरावांच्या नावाचा अभिमान बाळगणाऱ्या शिक्षणसंस्था विदर्भात थोड्या नाहीत. त्यांनी नव्या इमारतीत कार्यालयाआधी छात्रालयाचा मजला बांधावा, आणि सरकारने भत्त्याचा पहिला हप्ता प्रवेशाच्याच महिन्यात द्यावा.