सिम्प्सनची वाळू आणि गाडीचा साज



ऑस्ट्रेलियातील रानवाटांवरील गेल्या अंकातला लेख वाचून असे वाटते की लाखोंचे सस्पेन्शन आणि छपरावर तंबू नसेल, तर सिम्प्सन वाळवंटाकडे फिरकूच नये. इतिहास वेगळे सांगतो. १९६२ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ रेग स्प्रिग यांनी बायको-मुलांसह निसान पॅट्रोल गाडीतून हे वाळवंट पार केले. मोटारीने झालेला तो पहिला प्रवास. तेव्हा ना जीपीएस होते, ना एलईडी दिव्यांच्या पट्ट्या.

खरी करामत टायरच्या हवेत आहे. वाळूच्या टेकडीच्या पायथ्याशी उकिडवे बसून व्हॉल्व्हची टोपी काढायची आणि फुस्स आवाज ऐकत ३५ पीएसआयवरून १८ पर्यंत उतरायचे. टायर जमिनीला लांबट टेकतो, भार विभागतो, चाक रुतत नाही. परत हवा भरायला छोटा कॉम्प्रेसर पुरतो.

छपरावरच्या ओझ्याने मात्र गुरुत्वमध्य वर सरकतो आणि तिरक्या उतारावर गाडी कलंडायला निमित्त मिळते. गुरुग्रामला तयार होऊन ऑस्ट्रेलियात विकली जाणारी पाच दरवाजांची जिम्नी जेमतेम बाराशे किलोंची. हलकेपणा हेच तिचे बळ.

लेखकाचा एक मुद्दा बिनतोड आहे: रुतलेली गाडी ओढण्यासाठी चासीला पक्के बसवलेले हूक हवेतच. ट्रेलरच्या टो-बॉलला पट्टा अडकवला, तर बॉल तुटून तोफगोळ्यासारखा सुटतो. अशाने ऑस्ट्रेलियात माणसे दगावली आहेत. टेकडीवर समोरून चढणाऱ्याला दिसावा म्हणून सिम्प्सनमध्ये उंच काठीवरचा झेंडाही सक्तीचा आहे. लेखात त्याचा उल्लेखच नाही.

– एक वाचक, मेलबर्न